रशियन कासवासाठी काचेची टाकी घेऊ नका
अमेरिकेत रशियन कासव विकणारे दुकानदार सोबत काचेची टाकीही गळ्यात मारतात. ती अजिबात घेऊ नका. हे मध्य आशियातल्या कोरड्या माळरानावरचं जनावर आहे. चालतं, चढतं, उकरतं. काच ही भिंत आहे हेच त्याला कळत नाही, मग कोपऱ्यात तासन्‌तास पंजे घासत राहतं. बघवत नाही हो ते.

त्यापेक्षा पलीकडचं न दिसणाऱ्या भिंतींचं, वरून उघडं असं लाकडी खोकं करून घ्या. कासव जेमतेम ६ ते ८ इंचांचं होतं, पण मोठ्या कासवाला जागा ८ फूट बाय ४ फूट तरी द्या. आकार लांबटच हवा. एका टोकाला दिव्याखाली ३५ अंश सेल्सियस आणि दुसरीकडे २२-२४, एवढा फरक पडायला लांबी लागते. आखूड खोकं सगळीकडून सारखंच तापतं.

कोपऱ्याशी दगड किंवा ओंडका ठेवू नका, त्यावर चढून ते पसार होतं. माती निदान ६ इंच. बागेत ठेवणार असाल तर कुंपण फूटभर जमिनीत गाडा.

आणि भारतातल्या भाच्या-पुतण्यांना हा नाद लावू नका. तिथलं स्टार कासव (पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेलं) घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.