अपवाद ‘फेकला’, ‘गिळला’ की ‘घडला’?

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका विद्यार्थिनीचा आहे. नदीच्या पाणीपातळीचं गणित करणारा तिचा सी भाषेतला प्रोग्रॅम आहे. कंपायलरचं (कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवण्यासाठी कोडची फेरजुळणी, लावलं की फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन, म्हणजे दशांशचिन्हाच्या संख्यांच्या गणितातला अपवाद, हवं तिथे दिसत नाही आणि नको तिथे दिसतं. अहवाल मराठीत लिहायचा आहे. ‘कंपायलरने अपवाद गिळला’ असं लिहू, की ‘अपवाद फेकला नाही’? आणि मुळात ‘अपवाद’ हा शब्द चालेल का, की ‘त्रुटी’ म्हणू?

‘अपवाद’च लिहा. व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद ही फार जुनी जोडी आहे. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, आणि तो जिथे बाजूला सरतो ती जागा म्हणजे अपवाद. त्यात कुणाची चूक नसते. संगणकाने अशा संख्यांचं गणित कसं करावं हे ठरवणाऱ्या, 1985 साली आलेल्या आयईईई 754 मानकातला अर्थही याच वळणाचा आहे: ज्या क्रियेचं सगळ्यांना चालेल असं एकच उत्तर देता येत नाही, ती वेगळी नोंदवायची. असे प्रकार पाच: अवैध क्रिया, शून्याने भागणं, उत्तर मावणार नाही इतकं मोठं होणं, फारच लहान होणं, आणि उत्तर तंतोतंत न बसणं. यातला शेवटचा तर पावलोपावली घडतो, कारण एक भागिले तीन द्विमानात, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या अंकपद्धतीत, कधीच पुरतं मावत नाही. म्हणून ‘अपवाद’ लिहा, पण ‘अपवादात्मक’ लिहू नका. त्यात ‘क्वचित’ हा अर्थ येतो आणि तो इथे खोटा ठरतो.

(‘तरंगता बिंदू’ मला पटत नाही. तरंगणारी वस्तू जागच्या जागीही तरंगते. इथे बिंदू जागा बदलतो, त्यामुळे लिहायचंच तर ‘सरकता बिंदू’ लिहा. नाहीतर फ्लोटिंग पॉइंट सगळ्यांना कळतं.)

खरी अडचण क्रियापदाची आहे. ‘फेकणे’ आलं जावा आणि सी प्लस प्लसमधून. तिथे अपवाद फेकला की चालू काम तिथेच सुटतं आणि कुणीतरी तो झेलावा लागतो. इथे एरवी तसं काहीच होत नाही. दशांशचिन्हाच्या एकाला (1.0) शून्याने भागा, उत्तर ‘अनंत’ येतं आणि प्रोग्रॅम पुढे जातो. मागे प्रोसेसरच्या नोंदीत फक्त एक बिट (शून्य किंवा एक धरणारी जागा, इथे तिला ‘फ्लॅग’ म्हणतात) शून्याचा एक झालेला असतो, आणि कुणी मुद्दाम पुसेपर्यंत तो तसाच राहतो.

याला सांगलीकराला शब्द शोधावा लागत नाही. 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45 ची असताना. पाणी ओसरलं, भिंतीवर रेघ राहिली. भिंत रंगवेपर्यंत ती दिसत होती. फ्लॅग म्हणजे ही खूण. तेव्हा अपवाद घडतो आणि खूण उमटते. या दोन क्रियापदांवर सगळा अहवाल नीट उभा राहतो, कारण कंपायलरचा गोंधळ या दोहोंच्या मधेच आहे.

तुमच्या कोडचंच घ्या. आधी खुणा पुसल्या, मग 1.0 भागिले 3.0, मग ‘अचूक नाही’ ही खूण तपासली. कंपायलर हा भागाकार भाषांतर करतानाच उरकतो आणि उत्तर आयतं भरून ठेवतो. प्रोग्रॅम चालताना भागाकार होतच नाही, मग खूण कुठून उमटणार? उत्तर पुढे कुठेच वापरलेलं नसेल तर भागाकार पुरता काढूनच टाकला जातो. यात कुणी काही गिळलं नाही. गिळायला आधी ते घडावं लागतं. इथे लिहा: ‘अपवाद घडलाच नाही.’

दुसरी तऱ्हा उलटी. ‘ब शून्य नसेल तरच भाग’ अशी अट तुम्ही घातलीत. वेगासाठी कंपायलर चार भागाकार एकदम करतो, शून्यवालेसुद्धा, आणि नको ती उत्तरं नंतर टाकून देतो. उत्तर बरोबर येतं, पण शून्याने भागल्याची खूण मागे राहते. याला मराठीत ‘नसती खूण’ हा नेमका शब्द आहे, ‘नसती उठाठेव’मधला ‘नसती’. जीसीसी हा कंपायलर एरवी इथे जपून असतो, फास्ट-मॅथ हा वेगासाठी काटेकोरपणा सोडणारा पर्याय लावला की ती काळजी सोडतो. क्लँग हा दुसरा कंपायलर तर, वेगळं सांगितलं नाही तर, खुणा कुणी बघणारच नाही असं धरून चालतो.

आणि कधी भागाकार तपासणीच्या ओळीखाली सरकतो. तेव्हा ‘खूण उशिरा उमटली’.

‘दडपला’ मात्र कुठेच नको. दडपण्यात हेतू असतो. कंपायलर फक्त उत्तराची किंमत राखतो, खुणेची नाही.

राहिला पडद्यावरचा ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ हा संदेश. लिनक्सवर, इंटेलच्या प्रोसेसरवर, तो बहुतेक वेळा पूर्णांकाला शून्याने भागल्यावर येतो, आणि तिथे प्रोग्रॅम खरोखरच कोसळतो. तो अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवा, आणि पुढे स्वच्छ लिहा: ‘पूर्णांकाच्या भागाकारात शून्य आलं.’