अर्धं हाड कापून की बरगड्यांमधून: व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला कोणता छेद बरा?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: वडील ६१ वर्षांचे, अओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून महाधमनीत (शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीत) रक्त सोडणारी झडप, आकसलाय, तो बदलायचाय. एक सर्जन छातीचं मधलं हाड वरून अर्धंच कापू म्हणतात, दुसरे उजवीकडून बरगड्यांमधून जाऊ म्हणतात. दुसऱ्यांचा छेद दोनेक सेंटीमीटरने लहान, म्हणून घरच्यांचा कल तिकडे.

मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाच्या ऑपरेशननंतर आयसीयूत पेशंटला उठवून बसवायचं, खोकायला लावायचं, स्पायरोमीटरमधून (श्वास ओढला की आतले तीन छोटे चेंडू, म्हणजे गोळ्या, वर जातात ते उपकरण) श्वास ओढून घ्यायचा, हे माझं काम. छेद घेताना मी तिथे नसते, पण तो दुसऱ्या दिवशी कसा दुखतो ते रोज बघते. तेव्हा ते दोन सेंटीमीटर आधी डोक्यातून काढा. कातडीवरची लांबी ही यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे.

अर्ध्या हाडाच्या पद्धतीत कातडीवर साधारण ६ ते ८ सेंटीमीटरचा छेद असतो. गळ्याखालच्या खळग्यापासून तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीपर्यंत हाड कापतात आणि तिथून करवत उजवीकडे वळवतात, इंग्रजी जे अक्षरासारखी. खालचं हाड शाबूत राहतं, त्यामुळे छातीचा पिंजरा बऱ्यापैकी घट्ट असतो. महाधमनी समोरच दिसते, हार्ट-लंग मशीनच्या (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या) नळ्याही बहुतेक वेळा त्याच जखमेतून घालता येतात. आणि मध्येच काही बिनसलं तर तोच छेद खाली वाढवून काही मिनिटांत पूर्ण छाती उघडता येते. मला ही शेवटची गोष्ट फार मोठी वाटते.

बरगड्यांमधल्या पद्धतीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटीतून ५ ते ७ सेंटीमीटरच्या छेदातून जातात. हाडाला करवत लागत नाही हे खरं. पण जागा व्हावी म्हणून बरगड्या फाकवाव्या लागतात, कधी बरगडीची कूर्चा (टोकाचं मऊ हाड) मधल्या हाडापासून सोडवावी लागते, कधी हाडाच्या कडेने जाणारी धमनी बांधून टाकावी लागते. मशीनच्या नळ्या बऱ्याचदा जांघेतून जातात, म्हणजे तिथे आणखी एक जखम. त्या जखमेत पाणी साचून ती रेंगाळलेली मी पाहिली आहे. त्यात पायाच्या रक्तवाहिन्यांत किंवा महाधमनीत चरबी-कॅल्शियमचे थर असतील, तर जांघेतून उलटं वर ढकललेलं रक्त एखादा कण सुटवून मेंदूकडे नेऊ शकतं. म्हणून या पद्धतीआधी सीटी स्कॅन लागतो. महाधमनी हाडाच्या उजव्या काठापलीकडे निम्म्याहून जास्त असेल आणि हाडापासून १० सेंटीमीटरच्या आत असेल, तर काम सोपं जातं. डावीकडे किंवा खोल असेल तर सर्जनला अरुंद बोळातून काम केल्यासारखं होतं. शिवाय काही वेळा उजवं फुप्फुस थोडा वेळ बंद ठेवतात. वडील सिगारेट ओढत असतील किंवा दम्याचा त्रास असेल तर हे आवर्जून सांगा.

आता दुखण्याचं. हाड कापलेले पेशंट कूस बदलताना आणि हातावर भार देऊन उठताना कळवळतात. छातीशी उशी धरून खोकायला सांगितलं की निभावतं. बरगड्यांचे पेशंट पहिले दोन-तीन दिवस प्रत्येक श्वासाला दचकतात, कारण प्रत्येक बरगडीखालून एक नस जाते आणि फाकवताना ती दबते. एक काका माझ्यावर चिडलेच होते, "हाड कापलं नाही म्हणता, मग सुरी खुपसल्यासारखं का होतंय?" पुढे मात्र पारडं फिरतं. हाडाचे पेशंट तारांनी शिवलेलं हाड जुळेपर्यंत सहा ते आठ आठवडे वजन उचलू शकत नाहीत, तर हे काका तोवर मोकळे झाले होते. काहींना बरगडीच्या रेषेत बधिरपणा किंवा जळजळ काही महिने राहते.

मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) असता तर मी वेगळं बोलले असते. तो बाजूने, चौथ्या फटीतून खरोखरच चांगला दिसतो. मायट्रल दुरुस्तीसाठी पूर्ण छाती उघडणं आणि बरगड्यांमधून जाणं यांची तुलना ब्रिटनमध्ये ३३० पेशंटांवर झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बारा आठवड्यांनंतर हालचालीची क्षमता दोन्हींत सारखीच निघाली, बरगड्यांवाले हॉस्पिटलमधून साधारण एक दिवस आधी घरी गेले. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही.

माझे वडील असते तर मी अर्ध्या हाडाला हो म्हटलं असतं. हाडं ठिसूळ असतील, किंवा मधुमेहामुळे जखम भरायला वेळ लागत असेल, तर बरगड्यांचा विचार केला असता, पण सीटी चांगला आणि सर्जनचा हात त्यात बसलेला असेल तरच. दोघांनाही विचारा: गेल्या वर्षभरात याच पद्धतीने किती केलीत? मध्येच छाती पूर्ण उघडावी लागली असं किती वेळा झालं? नळ्या कुठून घालणार? यावर जो चिडेल त्याच्याकडे मी जाणार नाही.

आणि कुठलाही छेद ठरो, स्पायरोमीटर आजच आणा. दर तासाला दहा श्वास, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तिथेच धरायची. बिछान्यातून कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायची सवयही आत्ताच लावा. ऑपरेशननंतर वेदनेत हे शिकवायला गेलं की पेशंट आणि मी, दोघंही रडकुंडीला येतो.