वाचकांचे प्रश्न: ‘चक्र’ आपली होती तं परत काऊन गेली?

प्रश्न: भाचा नेव्हीच्या भरतीची तयारी करून राहिला. त्याच्या पुस्तकात आयएनएस चक्र ही आपली अणुपाणबुडी आहे असं लिहिलं आहे, अन् मोबाईलवर दाखवते की ती रशियाला परत गेली. खरं काय? अन् हवा न घेता ती इतके दिवस पाण्याखाली राहते कशी?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, पुस्तक जुनं असन, मोबाईलवरचं खरं आहे. चक्र आपण रशियाकडून दहा वर्षांच्या लीजवर घेतली होती, म्हणजे मक्त्याच्या वावरासारखं, वाहायचं आपण पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. ४ एप्रिल २०१२ ला विशाखापट्टणमला ती नौदलात आली अन् जून २०२१ मधे परत गेली. याच नावाची एक रशियन पाणबुडी त्याआधी, १९८८ ते १९९१, आपल्याकडं होती, तीही लीजवरच. अणुपाणबुडी चालवायची कशी हे आपल्या पोरांनी या दोघींवर शिकलं, माझ्या मते भाड्याचा पैसा तिथंच वसूल झाला.

आता हवेचं. वावरातलं डिझेल इंजिन बंद खोलीत लावलं तं थोड्या वेळात धापा टाकते ना? डिझेल पाणबुडीचं तेच, बॅटरी चार्ज करायला तिला वर येऊन नळीनं हवा घ्यावीच लागते, अन् तिथंच ती सापडते. अणुभट्टीत काही जळतच नाही, युरेनियमचे अणू फुटतात, त्या उष्णतेनं वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते. माणसांसाठी ऑक्सिजन समुद्राच्याच पाण्यातून वीज सोडून काढतात. मग वर कधी यायचं ते आतला किराणा ठरवते.

पण भाच्याला हिची मागची गोष्टही सांगा, ती पुस्तकात नसते. हिचं रशियन नाव नेर्पा. बांधायला घेतली १९९३ मधे, आमूर नदीवरच्या कोमसोमोल्स्कला, पण सोव्हिएत संघ नुकताच मोडला होता, पैसा आटला, काम रखडलं अन् पाण्यात उतरायला २००६ उजाडलं. मग ८ नोव्हेंबर २००८ ला जपानच्या समुद्रात चाचणी चालू असताना आग विझवायची यंत्रणा सुरू झाली. आग नव्हती. आत २०८ माणसं, बरेचसे कारखान्यातले कामगार अन् इंजिनिअर, अन् त्या बंद कप्प्यांमधे फ्रेऑन गॅस भरला. २० जण गेले. अणुभट्टीला काही झालं नाही.

आपल्याकडं जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरायच्या आधी दोरानं कंदील सोडून पाहतात, विझला तं कोणी उतरत नाही. हे तेच आहे भाऊ. जो गॅस आगीची हवा तोडते तो माणसाचीही तोडते, अन् पाण्याखाली दोर ओढायला वर कोणी नसते. त्या वीस जणांसाठी अजूनही जीव तुटतो.

परीक्षेसाठी एवढं पक्कं करून घ्या म्हणा की अरिहंत, म्हणजे आपल्याच देशात बांधलेली अणुपाणबुडी, अन् चक्र एका रांगेत टाकायच्या नाहीत, लय पोरं इथंच चुकतात. अरिहंत अण्वस्त्राची क्षेपणास्त्रं घेऊन लपून राहते. चक्र हल्ल्याची पाणबुडी होती, शत्रूची जहाजं अन् पाणबुड्या हुडकून टॉर्पेडोनं बुडवणारी, तिच्यावर अण्वस्त्र नव्हतं. तशा दोन आता आपल्याच देशात बांधायला २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रानं मंजुरी दिली आहे.