आधी पावतीवरचं नाव वाचा

प्रश्न: वय 53, मुलुंडला राहतो, खासगी कंपनीत नोकरी. आमच्या बँकेत 18 लाखांच्या एफडी आहेत, 10 टक्के व्याज मिळतं. पावत्यांचे फोटो जोडले आहेत. सोसायटीतले एक परिचित म्हणतात की क्वांटम कॉम्प्युटर आला की बँकांची सगळी सुरक्षा फुटणार. ते एक 'क्वांटम-प्रूफ' कॉइन विकतात. दरमहा 3 टक्के नक्की, दोन वर्षं पैसे काढता येत नाहीत. त्यात 12 लाख टाकू की सगळेच 18? मुलगी बारावीला आहे. तिची फी आणि माझी निवृत्ती, दोन्हींसाठी पुंजी एवढीच.

उत्तर: त्या कॉइनमध्ये एक रुपयाही टाकू नका. पण तुमच्या पत्रातली मोठी चूक ती नाही. ती पावत्यांवर छापलेली आहे.

तिन्ही पावत्यांवर '...नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित' असं लिहिलंय. म्हणजे ही बँक नाही. पतसंस्थेवर देखरेख सहकार खात्याच्या निबंधकांची असते, रिझर्व्ह बँकेची नाही. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत, प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, मुद्दल आणि व्याज मिळून. पतसंस्थेच्या ठेवीला तो अजिबात लागू नाही. तुमच्या 18 लाखांमागे या विम्याचे शून्य रुपये आहेत. मुंबईकरांनी 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या दारात लागलेल्या रांगा पाहिल्यात. तिथे निदान विमा तरी होता.

आणि हे कशासाठी? साध्या बँकेत 7 टक्के धरले, तर 3 टक्के जादा, म्हणजे वर्षाला 54 हजार, महिन्याला साडेचार हजार. त्यासाठी घरातली सगळी पुंजी एकाच संस्थेत, विम्याशिवाय. ती संस्था आज उत्तम चालत असेलही, पण एकुलती एक पुंजी तशा भरवशावर ठेवायची नसते.

आता क्वांटमचं. भीती बिनबुडाची नाही, पण तुम्हाला ती चुकीच्या जागी दाखवली गेली आहे. बँकेच्या वेबसाइटशी होणारा व्यवहार आरएसए किंवा एलिप्टिक कर्व्ह या गणिती कुलपांनी सुरक्षित होतो. आरएसएचा भरवसा एवढाच की 617 आकडी संख्येचे अवयव आजच्या संगणकाला पाडता येत नाहीत. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते पाडू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं. पुरेसा म्हणजे किती? 2019 चा अंदाज होता 2 कोटी क्यूबिट (क्वांटम संगणकाचे मूळ घटक, त्यांच्या संख्येवर त्याची ताकद ठरते) आणि आठ तास. 2025 मध्ये तो 10 लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याभराच्या आत, इथपर्यंत खाली आला. गूगलच्या 2024 च्या विलो चिपमध्ये क्यूबिट आहेत 105. अंतर अजून प्रचंड आहे, पण सहा वर्षांत अंदाज वीसपट घसरला, म्हणून तयारी आत्ताच हवी.

ती सुरूही झाली आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटमपुढे टिकतील अशी तीन मानकं जाहीर केली. हा बदल बँकेच्या सर्व्हरवर, ब्राउझरमध्ये आणि अ‍ॅपच्या अपडेटमधून होतो. ग्राहकाने त्यासाठी कुठलीही वस्तू विकत घ्यायची नसते. साठवलेल्या माहितीसाठी वापरली जाणारी एईएस-256 पद्धत तर क्वांटमपुढेही पुरेशी मजबूत मानली जाते. चोर ओटीपी गणित करून मिळवत नाही, फोन करून तुमच्याकडून काढून घेतो. तिथे सावध राहा, फोन आणि अ‍ॅप अपडेट ठेवा. तुमच्या हातात एवढंच आहे आणि ते पुरेसं आहे.

उलट बिटकॉइनसारख्या नाण्यांची डिजिटल सही, म्हणजे नाणं मालकानेच खर्च केल्याचा पुरावा, एलिप्टिक कर्व्हवरच चालते, म्हणजे शोरची पद्धत तिथेही लागू. खातेवही सगळ्या जगासमोर उघडी, आणि खोट्या सहीने नाणं गेलं तर व्यवहार उलटवणारं कोणी नाही. काही नाणी खरोखर नव्या पद्धतीची सही वापरतीलही. परिचितांना विचारा, कोणती? एमएल-डीएसए (निस्टच्या त्या तीन मानकांपैकी सहीचं एक) म्हणाले तर सहीचा आकार विचारा: जुनी सही 64 बाइटची, ही किमान 2,420 बाइटची. पण उत्तर बरोबर आलं तरी सही मजबूत असण्याचा आणि 3 टक्के मिळण्याचा संबंध काय? काहीही नाही.

दरमहा 3 टक्के म्हणजे व्याजावर व्याज धरून वर्षाला साडेबेचाळीस. 12 लाखांचे दहा वर्षांत 4 कोटींवर. असा परतावा 'नक्की' देणारा कायदेशीर धंदा अस्तित्वात नाही. सुरुवातीला महिन्याला 36 हजार येतील, ते तुमच्याच 12 लाखांतले असतील. वर क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, आणि तोटा कशातूनही वजा होत नाही.

तर करायचं असं. 6 लाखांची एक पावती पुढच्या महिन्यात संपते. ती आपोआप नूतनीकरण होऊ नये म्हणून आजच लेखी अर्ज द्या. बाकी 12 लाख मुदतीआधी मोडण्याचा अर्जही सोबतच. दंड 2 टक्के धरला आणि वर्ष झालं असेल तर 24 हजार जातील. जाऊ द्या. पैसे एनईएफटीने किंवा अकाउंट पेयी चेकनेच घ्या. 20 हजार आणि त्यावरची ठेव रोखीने परत करणं कायद्याला मान्य नाही.

मग दोन बँका निवडा, नाव डीआयसीजीसीच्या यादीत तपासून. प्रत्येकीत साडेचार लाख तुमच्या नावे, साडेचार लाख पत्नीच्या नावे. झाले 18. साडेचारच, कारण वर्षाचं व्याज धरून ते 4 लाख 80 हजारांच्या आसपास जातात आणि मर्यादेत राहतात. मुदत वर्षाचीच ठेवा, किंवा व्याज दर तिमाहीला खात्यात घ्या. पत्नीच्या नावचं व्याज मात्र करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. मुलीच्या फीचे पैसे लागतील तसे यातूनच निघतील. त्यांना शेअर बाजार दाखवू नका.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. पतसंस्थेने टीडीएस कापला नाही म्हणून वर्षाचं 1 लाख 80 हजार व्याज करमुक्त होत नाही. रिटर्नमध्ये दाखवलं नसेल तर सीएला भेटून अपडेटेड रिटर्न भरा.

पतसंस्थेत 'साहेब पुढच्या आठवड्यात या' असं ऐकायला मिळालं, तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.