कोकणातील लहान वारसा संग्रहालयाचा वर्षभराचा खर्च कसा भागवावा?

आपण विचारले आहे की, मालवण तालुक्यातील गावात एका जुन्या घरात लोकांनी दिलेल्या वस्तूंचे संग्रहालय सुरू झाले, उद्घाटनाच्या सुमारास देणग्याही चांगल्या जमल्या, पण आता वीजबिल आणि राखणाऱ्या माणसाचा पगार निघत नाही. तेव्हा तिकीट वाढवावे की अनुदानामागे लागावे? रत्नागिरी जिल्ह्यातील अशाच एका लहान संस्थेचा हिशेब मी पाहतो. माझ्या मते या दोहोंपैकी कशावरही वर्षाचा पाया घालू नये.

तिकिटाची अडचण दराची नसून ऋतूची आहे. आपल्याकडे पर्यटक आणि शाळांच्या सहली दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत येतात. जून ते सप्टेंबर दालन जवळजवळ रिकामे असते आणि नेमक्या त्याच काळात कागदाला बुरशी, लाकडाला वाळवी व लोखंडाला गंज लागू नये म्हणून हवेतील ओल कमी करणारे यंत्र चालवावे लागते आणि रोज कोणाला तरी कपाटे उघडून पाहावी लागतात. म्हणजे उत्पन्न हिवाळ्या-उन्हाळ्यात आणि खर्च पावसाळ्यात. तिकीट दुप्पट केले तरी ही फट बुजत नाही, उलट गावातली मुले यायची थांबतात.

म्हणून प्रथम दार बंद असतानाही होणारा खर्च वेगळा काढावा. समजा, एका माणसाचा पगार, वीज, विमा, कीडनियंत्रण आणि लेखापरीक्षण मिळून वर्षाला ३ लाख रुपये लागतात. यातला निदान पगार तरी कायम निधीच्या व्याजातून निघाला पाहिजे. सात टक्के व्याज धरले तर ३० लाखांच्या ठेवीवर २ लाख १० हजार मिळतात, आणि महागाईसाठी त्यातले थोडे पुन्हा ठेवीत टाकावे लागते. रक्कम मोठी वाटते, पण ती पाच-सात वर्षांत जमवायची असते.

येथे एक तांत्रिक बाब फार महत्त्वाची आहे. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी सर्वसाधारणपणे ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी, अशी अपेक्षा असते. देणगी कायम निधीसाठी आहे असे देणगीदाराने लेखी दिले तरच ती वेगळी धरता येते. म्हणून पावतीपुस्तकासोबत तसे छापील पत्र ठेवून त्यावर सही घ्यावी. हा पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल खात्यात ठेवावा. गावातील पतसंस्था अर्धा टक्का जास्त देते आणि तिचे अध्यक्ष आपलेच विश्वस्त असतात, हे मी जाणून आहे, तरीही नकोच. ८०-जी या नावाने ओळखली जाणारी सवलत देणगीदाराला हवी असेल, तर २,००० रुपयांवरील देणगी रोख घेऊ नये.

मागायचे कोणाकडे, तर आधी मुंबईतील ग्राममंडळाकडे, म्हणजे तिथे राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाकडे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, तेव्हा संग्रहालय हमखास उघडे हवे. (आमच्याकडे पूर्वी चतुर्थीच्या सुट्टीत नेमके कुलूप असे.) देणगीदारांना कोनशिला आवडते, पगार कोणालाच आवडत नाही, त्यामुळे ‘वर्षातील एक महिना आमच्या घराण्याकडून’ अशी मांडणी करावी आणि त्या महिन्यात त्या घराण्याचे नाव दाराशी लावावे. बारा घरे मिळणे अशक्य नाही. विक्रीचेही तसेच आहे: सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक गोल पत्ते, रंगवणारे कारागीर पाहुण्यांसमोर काम करतात, म्हणून तेथील पत्ते विकले जातात, नुसत्या काचेच्या कपाटात ठेवलेली चावीची साखळी विकली जात नाही.

पैशाइतकाच महत्त्वाचा भाग कागदपत्रांचा. प्रत्येक वस्तूची दाखल नोंद, छायाचित्र आणि ती दान दिली की केवळ ठेवायला दिली याचे सहीचे पत्र हवे, नाहीतर पुढच्या पिढीतील भाऊबंद समई परत मागायला येतात आणि संस्थेकडे दाखवायला काही नसते. घर संस्थेच्या मालकीचे नसेल, तर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार करावा. १०० वर्षांहून जुन्या मूर्ती किंवा चित्रे असल्यास १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याखालील नोंदणी तपासावी. विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद वेळेत करावी, कारण ती रखडली की बँकेतील सह्यांपासून सगळेच अडते.

नोंदवहीची प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे, म्हणजे १८६४ पासूनच्या ग्रंथालयाचे, किती नुकसान झाले ते आपण पाहिले आहे. त्याच्या साधारण एक वर्ष आधी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडची छपरे उडवली होती. पूर आणि वादळ दोन्ही विम्यात आहेत का, हे पॉलिसीत वाचून पाहावे.

अनुदान आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी यांना माझ्या लेखी शेवटचे स्थान आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात वारसा व कलावस्तूंचे जतन हा विषय मान्य आहे, पण हा पैसा छप्पर, कपाटे, डिजिटल नोंदी अशा एकदाच होणाऱ्या कामांसाठी मिळतो; पगारासाठी तो क्वचितच मिळतो. त्यासाठी संस्थेला लागणारी, सीएसआर-१ या अर्जाने होणारी सरकारी नोंदणी आणि एखाद्या कामाचे अंदाजपत्रक आताच तयार ठेवावे, कारण कंपन्यांकडे उरलेली रक्कम बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटते आणि तेव्हा कागद जमवायला आठवडाही हाती नसतो.