रांगेत पुढच्याच्या कमरेला पिस्तूल

प्रश्न : मी साताऱ्याची. सध्या अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसजवळ मुलाकडे आले आहे. परवा नातवाला घेऊन किराणा आणायला गेलो, तर रांगेत पुढे उभ्या माणसाच्या पट्ट्याला पिस्तूल! पोलीस नव्हता, हाफ पँट, पायात चपला. कुणी हूं की चूं केलं नाही. मी भरलेली ट्रॉली तिथेच सोडून नातवासह बाहेर आले. मुलगा म्हणतो, "आई, इथे हे कायदेशीर आहे, तू उगाच घाबरलीस." आता तो स्वतःसाठीही घ्यायचं म्हणतोय. ताई, माझं चुकलं का?

उत्तर : मुळीच नाही. मीही तेच केलं असतं.

मुलगा कायद्याचं बोलतोय ते खरं आहे. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघड कमरेला लावता येतं. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही, फक्त ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं. आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याची हत्यारंसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करायची, हे पाहत आलेल्या माणसाला धडकी भरणारच.

पण कुणी बोललं नाही म्हणून कुणाला काही वाटलं नाही, असं समजू नका. मी ह्यूस्टनला औषधांच्या काउंटरवर काम करते. असं गिऱ्हाईक आलं की मागच्या बाईची नजर त्याच्या कमरेवर जाते आणि लगेच फोनमध्ये शिरते. एखादी आई मुलाचा हात बदलते, म्हणजे मूल आपोआप पलीकडच्या बाजूला जातं. एखादे आजोबा मात्र पुढे होऊन कौतुकाने विचारतात, कुठल्या कंपनीचं. आणि आम्ही काउंटरमागचे नेहमीपेक्षा जास्त गोड बोलतो. त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात २३ जणांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात वॉलमार्ट आणि क्रोगर या दुकानांच्या साखळ्यांनी गिऱ्हाइकांना विनंती केली की, दुकानात उघड शस्त्र आणू नका. भीती तुम्हा एकट्यांची नाही, ती अशी.

पुन्हा असं दिसलं तर त्या माणसाला काही बोलू नका. मॅनेजरला गाठा. दुकान खासगी जागा आहे. मॅनेजरने तोंडी सांगितलं तरी त्याला बाहेर पडावं लागतं. काही दुकानांच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये ठळक अक्षरांत '३०.०७' कलमाची पाटी असते: परवाना असला तरी उघड पिस्तूल आत नको. सुनेला तशी दुकानं हेरून ठेवायला सांगा. पिस्तूल हातात घेतलं, कुणाला धाक दाखवला, तर मात्र आधी बाहेर पडा आणि ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

आता मुलाबद्दल, आणि हे त्याला वाचून दाखवा. लोक पिस्तूल बघतात, तसा ते लावणारा माणूसही बघतात. ऑगस्ट २०१४, ओहायोतलं बीव्हरक्रीक. बावीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण वॉलमार्टमध्ये फोनवर बोलत फिरत होता, हातात त्याच दुकानाच्या फळीवरची छऱ्याची बंदूक. ओहायोत खरी बंदूकसुद्धा उघड बाळगायला बंदी नव्हती. तरी एका गिऱ्हाइकाने ९११ ला कळवलं की हा लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या. त्या हाफ पँटवाल्याला रांगेत जी मुभा मिळाली, ती सावळ्या रंगाच्या, दाढी राखणाऱ्या आपल्या पोरांना मिळेलच, याची हमी कुठलाही कायदा देत नाही. मला हे लिहिताना संताप येतो, पण माझ्या स्वतःच्या मुलालाही मी हेच सांगितलंय.

आणि एवढं ऐकूनही त्याने घेतलंच, तर ते कुलपात राहील, गोळ्या वेगळ्या राहतील, हे सुनेने आधीच कबूल करून घ्यावं. भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्ससमध्ये ते तसं ठेवणाऱ्या मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो.