ग्रॅज्युएशनच्या फोटो सेशनची तयारी कशी करू? गाउनच्या आत काय घालू?

आतलं शेवटी सांगते, कारण कपड्यांनी फोटो फारसा बिघडत नाही. बिघडतो तो वेळेने, आणि कॅमेरा कोणाच्या हातात दिलाय त्याने. (सरळ अगं-अरे करतेय, पदवीचा फोटो म्हणजे वयाने लहानच असणार.)

माझा फोटो आईने चांगला मोठा करून हॉलमध्ये लावलाय आणि घरी येणारं नवीन माणूस हमखास विचारतं, ही कोण? कपाळापासून डोळ्यांखालपर्यंत टोपीची सावली, त्या सावलीचा एक टोकदार कोपरा बरोब्बर नाकावर, त्याच्या खाली नाकाचा शेंडा नि हनुवटी पांढरीफटक, आणि चष्म्याच्या काचा काळ्याकुट्ट. गाउन काळा होता तो राखाडी आलाय, पण त्याच्या घड्या मात्र एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

हा फोटो दादाने काढला. घरात कॅमेरा त्याच्याकडे, म्हणून फोटोग्राफर तोच, यावर चर्चा होत नाही. गाउन आदल्या दिवशीच हातात आला होता, मी म्हटलं आज संध्याकाळी सूर्य मावळायच्या तासभर आधी जाऊ, ऊन मऊ असतं, तिरपं येतं, टोपीच्या खालीसुद्धा पोचतं, शिवाय गर्दी नसते. तर म्हणे पदवी हातात नसताना कसला फोटो! जसं काही स्टेजवर देतात त्या नळीत काही असतं, माझी तर रिकामी होती, खरा कागद नंतर आला. मग दुसऱ्या दिवशी कार्यक्रम संपला ऐन दुपारी, गाउन तासाभरात परत करायचा, आणि दादाने मला भर उन्हात मैदानाच्या मधोमध उभं केलं. दहा पावलांवर इमारतीची छान सावली होती. तिकडे जाऊ म्हटलं तर "सावलीत फोटो काळा येतो". आजही तो हेच म्हणतो, मागच्या महिन्यातसुद्धा जेवताना वाद झाला.

दादा, हे वाचत असशील तर, सूर्य डोक्यावर असताना ती चौकोनी टोपी म्हणजे कपाळावर धरलेली छत्री असते. तिची सावली डोळ्यांवरच पडणार. त्यात अख्ख्या फ्रेममध्ये काळा गाउन, ऑटोवर टाकलेल्या कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो सगळंच उजळ करतो, म्हणून गाउन राखाडी आणि नाक जळालेलं. मोबाइलही हेच करतो, तेव्हा स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढायचा. आणि उघड्या सावलीत, म्हणजे डोक्यावर सावली पण समोर मोकळं आकाश, फोटो काळा येत नाही, चेहऱ्यावर सगळीकडे एकसारखा उजेड येतो. फक्त पायाखाली हिरवंगार लॉन नको, हनुवटीखाली हिरवट झाक येते. आणि मागे गर्द झाडी नको, काळा गाउन त्यात विरघळतो.

चष्म्याबद्दल मात्र चूक माझी, कबूल. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा होत्या, त्या मिनिटभरात काळ्या होतात पण परत साफ व्हायला कितीतरी मिनिटं घेतात, आणि बाहेर सावलीत उभं राहिलं तरी पूर्ण साफ होत नाहीत कारण अतिनील किरण तिथेही पोचतात. साध्या काचांचा जुना चष्मा घरी ड्रॉवरमध्ये पडून होता. दादा अजून हेच धरून बसलाय, "चष्मा तुझा, टोपी तुझी, मी काय करणार". अरे पण तू लेन्समधून बघत होतास ना, मला माझे डोळे कसे दिसणार?

म्हणून माझं स्पष्ट मत, घरातल्या मोठ्या माणसाला फोटोग्राफर करू नये. त्याला "इथून नको, तिथून काढ" म्हणता येत नाही, म्हटलं तर तोंड फुगतं आणि मग ते फुगलेलं तोंड बघून आपलाही चेहरा तसाच येतो. एखादी मैत्रीण पकड, मोबाइल दे, सांग की दोन मीटर लांब उभी राहा आणि २एक्सवर, म्हणजे दुप्पट झूमवर, काढ, जवळून साध्या लेन्सने काढलं की नाक मोठं दिसतं. आणि काढलेला फोटो जागच्या जागी झूम करून बघायचा, घरी जाऊन नाही.

गाउन मिळाला की लगेच हँगरला टांग. बहुतेक पॉलिएस्टर असतो, गरम इस्त्री लावली तर चकाकतो नाहीतर चिकटतो, वाफ द्यायची, नसेल स्टीमर तर गरम पाण्याने अंघोळ करताना बाथरूममध्ये लटकवायचा. टोपी आडवी, सपाट, भुवयांच्या दोन बोटं वर, मागे सरकवली की पडल्यासारखी दिसते. गोंडा बऱ्याच विद्यापीठांत पदवी मिळेपर्यंत उजवीकडे, मग डावीकडे, तुझ्याकडे काय ते विचारून घे. टोपी उडवायचा फोटो काढायचाच तर बर्स्टवर, म्हणजे एका दमात एकामागोमाग बरेच फोटो, आणि वर बघत राहा, कोपरे लागतात.

आता आतलं. कॉलर किंवा गळा गाउनच्या बाहेर नीट दिसेल असा कपडा, फिका एकरंगी, फार जाड नाही. बूट आधी वापरलेले, पण पुसलेले, कारण गाउनखाली फक्त तेच दिसतात. बस.

ढगाळ दिवस असेल तर वरचं वेळेचं सगळं विसर, कधीही काढ.

आणि एक सांगायचं राहिलं. गाउन परत करायच्या रांगेत उभी असताना खिडकीशी, टोपी हातात, काचा निवळलेल्या, कंटाळून बाहेर बघतेय असा माझा एक फोटो आहे. एकदम भारी आलाय, माझ्या मोबाइलवर तोच लावलाय. काढला दादानेच. चुकून बटण दाबलं गेलं असणार.